इद्रिसला मराठी कळत होतं

जहाज दुरुस्तीला ड्राय डॉकमध्ये असलं की टाकीत उतरणाऱ्याचा मोबाइल जहाजाच्या शिडीवर, गँगवेवरच, काढून घेतात. ठिणगी नको म्हणून हा नियम, आणि तो बरोबरच आहे. त्या मंगळवारी सिंगापुरातल्या तुआसच्या यार्डात मी सकाळी नऊला बॅलास्ट टाकीत उतरलो तो दुपारी साडेतीनला वर आलो. मोबाइल हातात आला तेव्हा आमच्या जुन्या फुटबॉलवाल्यांच्या ग्रुपवर बावीस मेसेज होते. पहिला को अंकलचा. ‘इद्रिस पहाटे गेला. दुपारच्या नमाजानंतर माती.’ शेवटच्या मेसेजमध्ये नुसतं जोडलेल्या हातांचं चित्र होतं, आणि तो येऊनही तास झाला होता. चुआ चु कांगची दफनभूमी त्या यार्डापासून गाडीनं अर्ध्या तासावर आहे. मी टाकीतल्या गंजावर खडूनं खुणा करत होतो तेव्हा तिकडे त्याला माती देत होते. ग्रुपमधली बाकीची मंडळी बेटाच्या दुसऱ्या टोकाहून, दोन-दोन बस बदलून पोचली. सगळ्यांत जवळ मी होतो, आणि मीच नव्हतो.

हेल्मेट काढून मी तिथेच, जहाजाचे दोर बांधायच्या एका बोलार्डवर बसलो. रडू आलं नाही. राग आला, स्वतःचाच. कारण मला इद्रिसला एक गोष्ट सांगायची होती. सात वर्षं सांगायची होती, आणि सात वर्षं मी ती पुढे ढकलत आलो होतो. आता ती ऐकायला तो नव्हता…

इद्रिस कोण, हे सिंगापुरातही शंभरेक माणसांपलीकडे कुणाला सांगता येणार नाही. तो फुटबॉल खेळायचा, पण टीव्हीवर दिसतं ते नव्हे. मोठ्या लीगच्या खाली, आणि तिच्याही खाली, हौशी संघांच्या स्पर्धा असतात. खेळणारा कुणी कुरियरवाला, कुणी शाळेत पीटीचा मास्तर, कुणी हॉकर सेंटरमध्ये नूडल्स परतणारा. रविवारी दुपारी ऊन जरा उतरलं की मॅच सुरू व्हायची. तिकीट नाही, समालोचन नाही. स्टँडमध्ये तीस माणसं असली तर गर्दी म्हणायची, आणि त्यातली दहा खेळाडूंच्या घरची. आमच्या संघाचं नाव सांगून उपयोग नाही, तो बंद पडूनही आता काही वर्षं झाली. इद्रिस त्या संघात सोळा वर्षं बचावफळीत सेंटर बॅक होता. पोटासाठी बंकर बार्जवर काम करायचा. अँकरेजला, म्हणजे भर पाण्यात नांगर टाकून, उभ्या असलेल्या जहाजांना तेल भरतात ती ही बार्ज.

मी त्याला पाहिलं ते त्यातली शेवटची अकरा वर्षं. जहाजावरची नोकरी सोडून मी किनाऱ्यावरची घेतली तेव्हा आमची ईरा सहा वर्षांची होती. मरीन परेडला फ्लॅट घेतला. चीफ इंजिनीअर म्हणून जगभर हिंडलेल्या माणसाला रविवारी घरात काय करायचं असतं हे ठाऊक नव्हतं. मी स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन उघडायचो, वॉशिंग मशीन उघडायचो, आणि परत जोडताना एखादा स्क्रू उरायचा. तिसऱ्या रविवारी रोहिणीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, मला चप्पल पुढे करून दाराबाहेर काढलं. चालत चालत मी शिट्टीच्या आवाजामागे मैदानावर पोचलो. स्टँडच्या तिसऱ्या पायरीवर एक चिनी गृहस्थ बसले होते. त्यांनी काही न बोलता आपला थर्मास उचलून मांडीवर घेतला आणि मला जागा करून दिली. हे को अंकल, बस चालवून निवृत्त झालेले. ती जागा मग माझीच झाली.

इद्रिस देखणा खेळाडू नव्हता हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे मेल्यावर माणसाला उगाच मोठं करायचं, त्यातला मी नाही. त्याचा वेग बेताचा, डावा पाय नावाला. पण चेंडू कुठे पडणार हे त्याला दोन पावलं आधी कळायचं, आणि कळलं की तो धावायचा नाही, चालत जाऊन तिथे उभा राहायचा. समोरचा पोरगा घामाघूम होऊन पोचेपर्यंत हा पाहुण्याची वाट बघत असल्यासारखा तयार. सगळी मॅच तो आपल्या गोलकीपरशी बोलत असायचा. हवापाण्यापासून सगळं. विरुद्ध संघाचा कुणी पडला तर आधी त्याला हात देऊन उठवायचा आणि मग रेफ्रीशी हुज्जत घालायला जायचा. आणि मॅच संपली, जिंकोत की हरोत, की बुटांचा चिखल झटकून स्टँडमध्ये यायचा आणि आमच्यातल्या एकेकाशी हात मिळवून जायचा. तीस माणसं. रोज कामावर जाणाऱ्या माणसाला रविवारी संध्याकाळी घरी जायची किती घाई असते! पण त्यानं एकालाही कधी वगळलं नाही.

आणि मी ओरडायचो. मराठीतून. इंग्रजीत ओरडलं की समोरच्याला कळतं आणि मग सभ्य राहावं लागतं, मराठीत ती अडचण नव्हती. त्या स्टँडमध्ये मराठी कळणारा मी एकटा, अशी माझी पक्की समजूत. ‘अरे शाब्बास रे माझ्या वाघा’ पासून ‘डोळे काय गहाण ठेवलेत का’ पर्यंत काहीही. इद्रिसचं नाव तर दर पाच मिनिटांनी. त्यानं हेडर मारला की ‘नारळ फोडला रे इद्रिसनं’, आणि चुकला की ‘नारळ नासका निघाला’. को अंकल ‘मार की रे’ एवढं शिकले आणि ते कॉर्नर किक असो वा थ्रो-इन, सगळीकडे वापरू लागले. मला वाटायचं, आपण मोठी मजा आणतो आहोत.

आता शेवटची मॅच. मला हे लिहायचं नाही, पण लिहिल्यावाचून बाकीचं काही कळायचं नाही. ती हरलो तर संघ खालच्या गटात जाणार होता, आणि खालच्या गटात गेलो तर पुढल्या वर्षी संघ राहीलच याची खात्री नव्हती. इद्रिस एक्केचाळीस वर्षांचा. बार्जवरची बारा तासांची पाळी संपवून तो थेट मैदानावर आला होता, बॅगेत बुटांच्या शेजारी ऑइलचा वास मारणारा बॉयलर सूट. एक-एक अशी बरोबरी. शेवटची पाच मिनिटं. लांबून आलेला एक साधा चेंडू, त्यानं शंभर वेळा सहज अडवला असेल असा… तो वळायला गेला आणि गुडघा दुमडून बसला. समोरच्या संघातल्या पोरानं चेंडू ताब्यात घेतला आणि गोल केला. स्टँड गप्प झालं. त्या शांततेत मी उभा राहिलो आणि बोंब ठोकली, ‘म्हाताऱ्या, लाज वाटत नाही का? जा, बार्जवर जाऊन झोप! तूच बुडवलंस आम्हाला!’

इद्रिसनं मान वळवून स्टँडकडे बघितलं. मला वाटलं, आवाजाच्या दिशेनं बघतोय. मॅच संपली. तो नेहमीसारखाच, पण लंगडत, वर आला, एकेकाशी हात मिळवत तिसऱ्या पायरीशी आला आणि माझाही हात हातात घेतला. ‘सॉरी, चीफ,’ एवढंच म्हणाला. मी मोठेपणानं त्याच्या पाठीवर थाप मारली. पुढच्या हंगामात तो खेळायला आला नाही. कुणी गुडघा म्हणालं, कुणी पाळ्या म्हणालं. मीही तेच म्हणालो.

दोन वर्षांनी मी अँकरेजला आमच्या एका जहाजाच्या तपासणीला गेलो होतो. बाजूला बंकर बार्ज लागलेली. रेलिंगवरून खाली वाकलो तर डेकवर इद्रिस. त्याचं लक्ष नव्हतं. तो आमच्या फिटरशी बोलत होता, फिटर गुहागरचा. आणि इद्रिस त्याला म्हणत होता, ‘होस नीट धर रे, न्याहारी नाय केलीस काय?’ मराठीत, आणि सूर थेट कोकणातला. त्यानं वर बघितलं, मला ओळखलं, आणि हसून विचारलं, ‘चीफ, जेवलात काय?’

बार्जवर येण्याआधी नऊ वर्षं तो जहाजं ओढणाऱ्या एका टगवर खलाशी होता. कुक दाभोळचा, बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, जयगडचा, निम्मे खलाशी त्याच पट्ट्यातले. त्यांनी त्याला मराठी शिकवलं होतं, शिव्यांसकट. हे सगळं मी स्टँडमध्ये पहिल्यांदा तोंड उघडण्याच्या आधीचं. म्हणजे अकरा वर्षं माझा प्रत्येक शब्द त्याला पोचत होता. नारळ, वाघ, सगळं. आणि ती शेवटची बोंबही. तेलाचे नमुने बाटल्यांत भरून सील होईपर्यंत आम्ही दोघं पाऊणएक तास रेलिंगच्या खाली-वर उभे होतो. मी हवेबद्दल बोललो. अँकरेजला गर्दी फार झाली आहे म्हणालो. ‘तेव्हा माझं चुकलं’ हे तीन शब्द म्हणायला किती वेळ लागतो? घरी येऊन रोहिणीला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडायची थांबली. ‘एवढाली जहाजं चालवलीत,’ ती म्हणाली, ‘आणि एवढं बोलता येत नाही तुम्हाला?’

तिथून आमची दोस्ती सुरू झाली, हे त्यातलं विचित्र. मी रोज उद्या सांगू म्हणत त्याच्या जवळ जवळ जात राहिलो आणि तो मला जवळ घेत राहिला. महिन्यातून एखादा रविवार आम्ही आणि को अंकल हॉकर सेंटरमध्ये चहा प्यायचो. गणपतीत तो घरी यायचा, मोदकाची कळी मोडून आत तूप सोडायचा आणि दाभोळच्या कुकची आठवण काढायचा. ‘तुमच्याहून बरं मराठी आहे त्यांचं,’ असं रोहिणी मला त्याच्यादेखत सुनवायची. आणि रमजान संपून ईद आली, तिला इथे हारी राया म्हणतात, की आम्ही बेडोकला त्याच्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटवर जायचो. त्याची बायको नूर, आम्ही सगळे तिला काक नूर म्हणतो, मलयमध्ये काक म्हणजे ताई. ती माझ्यासाठी कोळंबीशिवायची भाजी वेगळी काढून ठेवायची.

या सणाची एक रीत आहे. धाकट्यानं थोरल्याचा हात दोन्ही हातांत घ्यायचा, वाकायचं आणि म्हणायचं, ‘माफ झाहिर दान बातिन’. इद्रिस माझ्याहून आठ वर्षांनी लहान. दर वर्षी तो हे करायचा, आणि दर वर्षी मी त्याचा हात जोरात हलवून म्हणायचो, ‘हॅपी हारी राया, हॅपी हारी राया!’ ते शब्द मी बँकेच्या फलकावर, सुपरमार्केटच्या पिशव्यांवर इतके पाहिले होते की मला ते आपल्या ‘हार्दिक शुभेच्छा’सारखे वाटायचे, छापायचे आणि न वाचायचे. खरं तर पहिलाच शब्द ‘माफ’, पुढचे म्हणजे उघड आणि मनातलं, दोन्ही. मराठी माणसाला त्याचा अर्थ कुणाला विचारावा लागू नये.

गेल्या हारी रायाला इद्रिस फार खंगलेला होता. मूत्रपिंडं गेली होती, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आमची ईरा, आता सव्वीस वर्षांची, त्या दिवशी बरोबर होती. त्यानं खुर्चीतूनच माझा हात दोन्ही हातांत घेतला. ते मलय शब्द म्हणाला. मग मराठीत म्हणाला, ‘माझं काय चुकलं असेल तर पोटात घाला, चीफ.’ आणि माझ्याकडे बघत राहिला. हात सोडला नाही.

मी म्हणालो, ‘अरे, तुझं कसलं डोंबलाचं चुकलंय?’ आणि हसलो. खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा हसलो. त्यानं अजून थोडा वेळ हात धरून ठेवला आणि मग सोडला. नूर केक घेऊन आली.

परतताना बसमध्ये ईरा म्हणाली, ‘बाबा, यू आर सपोज्ड टु से इट बॅक, लाह.’ तिनं मला समजावून सांगितलं. शाळेत असल्यापासून तिला हे माहीत होतं. एकानं माफी मागायची, दुसऱ्यानंही मागायची, वर्षभराचं सगळं तिथे मिटवायचं आणि मग खायला बसायचं. मी दर वर्षी काय उत्तर देत होतो ते कळल्यावर तिनं कपाळाला हात लावला. म्हणजे सात वर्षं तो दार उघडून उभा होता, आणि मी उंबऱ्यावरून हात हलवून परत येत होतो. यंदा तर त्यानं माझ्या भाषेत उघडलं. पुढल्या रविवारी जातो आणि बोलतो, असं मी तिला बसमध्येच कबूल केलं. त्या रविवारी त्याला ताप होता. मग माझं जहाज डॉकला आलं. मग दुसरं आलं. बाकी तुम्हाला ठाऊक आहे.

तो गेल्यावरच्या पहिल्या रविवारी को अंकलनी आम्हाला मैदानावर बोलावलं. मोठे खेळाडू गेले की मैदानात मिनिटभर सगळे उभे राहतात. इद्रिससाठी कुणाला सांगणार? संघच नाही. मैदानावर दुसरेच दोन संघ खेळत होते. आम्ही पाचजण तिसऱ्या पायरीवर उभे राहिलो आणि खेळ चालू असतानाच आमचं मिनिट पाळलं. मग ज्याला जे आठवलं ते बोलला. को अंकल म्हणाले, त्यांची बायको गेली तेव्हा दुसऱ्या दिवशी मॅच होती आणि ते आले नव्हते. मॅच संपल्यावर इद्रिस चिखलाच्या बुटांनिशी त्यांच्या इमारतीखाली येऊन उभा राहिला होता. हात मिळवायचा राहिला होता म्हणून. हे त्यांनी इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. सगळ्यांचं झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, चांगला माणूस होता.

पुढच्या शनिवारी सकाळी मी नूरला भेटायला गेलो. तिची बहीण आत स्वयंपाकघरात होती. नूर दाराजवळच्या खुर्चीत बसली होती, चेहरा थकलेला, पण बोलणं स्वच्छ. त्यांच्यात घरातल्यांनी गेलेल्या माणसाच्या वतीनं येणाऱ्या प्रत्येकाला म्हणायचं असतं, त्याच्याकडून कुणी दुखावलं असेल तर माफ करा. ती तसं म्हणाली. मी मान हलवली. डायलिसिसबद्दल विचारलं, मातीला येता आलं नाही त्याचं कारण सांगितलं. टाकी, मोबाइल, नियम. तिनं ऐकून घेतलं. अर्ध्या तासानं मी उठलो.

दारात बूट घालत असताना ती मागे आली. बाहेर लांबलचक कॉरिडॉर, कठड्यावरून खाली कार पार्क आणि पलीकडे बस स्टॉप दिसतो. नूर कठड्याशी उभी राहिली आणि म्हणाली, ‘दर रायाला तुम्ही गेलात की ते इथे येऊन उभे राहायचे. तुमची बस येईपर्यंत.’

मला हे माहीत नव्हतं. मी कधी वर बघितलं नव्हतं.

‘मी म्हणायची, आत या, जेवण गार होतंय. ते म्हणायचे, थांब, चीफला काहीतरी बोलायचंय. बघ, किती हळू चालतोय. परत येईल.’ ती पुढे म्हणाली, ‘त्या मॅचच्या दिवशी ते घरी येऊन जेवले नव्हते. तुम्ही काय ओरडलात ते त्यांनी मला सांगितलं होतं. मी म्हटलं, आपणच विचारू या का? ते नको म्हणाले. माफी अशी मागून घ्यायची नसते म्हणाले. यंदा त्यांना उभं राहवत नव्हतं, तरी माझा खांदा धरून आले होते.’

तिच्या आवाजात राग नव्हता. मी लिफ्टकडे निघालो. खाली आलो. कार पार्क ओलांडला, बस स्टॉपवर जाऊन बाकावर बसलो. एक बस आली आणि गेली. मग मी वर बघितलं. सातवा मजला. नूर आत गेली होती. कठड्यावर कुणाची तरी सतरंजी वाळत घातली होती, एवढंच.

दुसरी बस आली. मी उठलो आणि परत इमारतीकडे चालू लागलो. सातव्या मजल्यावर उतरलो, कॉरिडॉरमधून त्या दारापर्यंत गेलो, बूट काढले आणि बेल वाजवली.

नूरनं दार उघडलं. माझ्याकडे, मग माझ्या रिकाम्या हातांकडे बघून तिनं विचारलं, ‘काही विसरलात का, चीफ?’

‘हो,’ मी म्हणालो.